श्रीमंती की आर्थिक स्वातंत्र्य: नेमकं कशाच्या मागे लागायचं?

हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो आणि तिथेच गफलत होते. श्रीमंती मोजायची तर मालकीच्या सगळ्या गोष्टींची आजची किंमत काढायची आणि त्यातून देणी वजा करायची. आर्थिक स्वातंत्र्य मोजतात वर्षांत. उद्यापासून कमाई थांबली तर आहे त्या पुंजीवर घर किती वर्षं चालेल? पहिल्या हिशेबात खर्च कुठे येतच नाही. दुसऱ्यात तो भाजक आहे, म्हणजे तो वाढला की उत्तर लगेच आक्रसतं.

त्यामुळे माणूस श्रीमंत असूनही पगाराला बांधलेला असू शकतो. राहतं घर मोठं आहे, धंद्यात भागीदारी आहे, एखादी जमीन आहे. कागदावरचा आकडा डोळे दिपवणारा. पण राहत्या घराची एक खोली विकून महिना काढता येत नाही, आणि भागीदारी मोडायची तर बऱ्याचदा बाकीच्या भागीदारांची संमती लागते. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण इथे लावू नका. वासे भक्कमच आहेत, फक्त ते काढून चूल पेटवता येत नाही. उलट, गरजा मोजक्या असलेला, देणं नसलेला आणि बऱ्यापैकी बेगमी करून बसलेला माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही. पण नको असलेल्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याच्याकडे असते.

हिशेब करून बघू

एका घराचं वर्षाचं उत्पन्न 100 धरा, खर्च 90. शिल्लक 10. दुसऱ्या घराचं उत्पन्न 60, खर्च 40, शिल्लक 20. लक्ष्य असं की वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पुंजी जमली की कमाईवरचं अवलंबित्व संपलं. महागाई वजा जाता 5 टक्के परतावा मिळतो असं मानू. पहिल्या घराला 2,250 जमवायचे आहेत आणि त्याला सुमारे 51 वर्षं लागतील. दुसऱ्याला 1,000 पुरतात आणि ते साधारण 26 वर्षांत तिथे पोचतं. कमाई कमी असूनही मुदत निम्मी.

आता पहिल्या घराची कमाई 110 झाली आणि खर्च त्याच प्रमाणात 99 वर गेला. शिल्लक 11 झाली, म्हणजे बचत वाढली असं वाटतं. मुदत मात्र एका वर्षानेही घटत नाही, कारण लक्ष्यही तेवढंच पुढे सरकलं. तीच वाढ पूर्ण बाजूला ठेवली तर 51 ची 39 वर्षं होतात. कमाई न वाढता खर्चच 90 वरून 80 वर आणला तर 37. फरक फार नाही, पण खर्चकपात थोडी सरस ठरते, कारण ती शिल्लक वाढवते आणि लक्ष्यही खाली आणते.

काटकसरीचे गोडवे गाणारे पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. खर्चाला तळ असतो. 90 चे 80 करता येतील, 60 करताना घरात भांडणं होतील, 30 करणं जमणारच नाही. कमाईला असं छत नसतं. ज्याचा खर्च आधीच तळाशी आहे त्याला ‘खर्च कमी कर’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याने कमाईकडेच बघावं.

25 पट हा आकडा आला कुठून?

शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनिअर असलेले अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये एक अभ्यास मांडला. 1926 पासूनची अमेरिकी शेअर आणि रोख्यांची आकडेवारी घेऊन त्यांनी पाहिलं, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढले आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत नेली तर पुंजी किती टिकते. सर्वांत वाईट काळात निवृत्त झालेल्यांचीही 30 वर्षं निभावली. 4 टक्के म्हणजे पंचविसावा भाग. 25 पट आली ती इथून. पुढे बेंगेन यांनीच हा आकडा थोडा वर नेला.

मात्र हा एका देशाचा इतिहास आहे, आणि मुदत 30 वर्षांची. चाळिशीत काम सोडणाऱ्याला कदाचित 50 वर्षं काढायची असतात. त्याने 3 टक्के, म्हणजे सुमारे 33 पट धरणं मला शहाणपणाचं वाटतं. महागाई 6 टक्के असेल तर खर्च 12 वर्षांत दुप्पट आणि 36 वर्षांत आठपट होतो. मुद्दल जसंच्या तसं राहिलं एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हा हिशेब उशिरा कळतो.

दुसरा खड्डा पहिल्या काही वर्षांतला. पुंजी 25, पहिल्या वर्षी 1 काढला, उरले 24. बाजार कोसळला आणि पुंजी 40 टक्क्यांनी घटली, राहिले 14.4. पुढच्या वर्षी काढलेला तोच 1 आता जवळपास 7 टक्के झाला. अशी पडझड विसाव्या वर्षी आली असती तर एवढं बिघडलं नसतं. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवतात, किंवा वाईट वर्षात हात आखडता घेण्याची तयारी ठेवतात. काम चालू असलेल्या श्रीमंताला ही चिंता नाही. त्याला पडत्या भावात काही विकावंच लागत नाही.

कोणता रस्ता काय मागतो?

मोठी श्रीमंती बहुधा एकाच ठिकाणी सगळं लावून येते: स्वतःचा धंदा, एका कंपनीतला मोठा हिस्सा. ज्यांचं जमलं ते दिसतात, बुडालेले दिसत नाहीत, त्यामुळे हा रस्ता आहे त्याहून सोपा वाटतो. स्वातंत्र्याचा रस्ता कंटाळवाणा. बचत करा, पैसा अनेक ठिकाणी विभागून लावा आणि वर्षानुवर्षं त्याला हात लावू नका. सांगण्यासारखी गोष्टही त्यातून निघत नाही.

सुखाचं म्हणाल तर संशोधकांचंही एकदम एकमत झालं नाही. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये लिहिलं की रोजचं समाधान उत्पन्नाबरोबर एका मर्यादेपर्यंत वाढतं आणि मग थांबतं. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना तशी मर्यादा दिसली नाही. 2023 मध्ये काहनेमन, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून ती माहिती पुन्हा तपासली. मर्यादा दिसली ती मुळातच सर्वांत दुःखी असलेल्या लोकांत. इतरांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहिलं. दोन विरोधकांनी मिळून निबंध लिहावा हेच मला त्यातलं जास्त सुखद वाटतं.

माझा कल स्वातंत्र्याकडे आहे, पण सरसकट नाही. काम मनापासून आवडत असेल, धंदा जोरात असेल, किंवा आजारी नातलग आणि धाकटी भावंडं तुमच्यावर अवलंबून असतील, तर मोठी पुंजी हेच लक्ष्य बरं; 25 पटींचं गणित असल्या अचानक खर्चांना पुरत नाही. विशीत असाल तर काटकसरीपेक्षा कौशल्यावर खर्च करा. काम आवडत नसेल, प्रकृती कुरकुरत असेल किंवा सगळा वेळ एकाच मालकाच्या मर्जीवर जात असेल, तर वर्षं मोजायला लागा. आणि पूर्ण 25 पटच हवी असं थोडंच आहे? सहा महिन्यांची बेगमी असली तरी वरिष्ठांशी बोलताना आवाज बदलतो. दोन वर्षांची असली तर कमी पगाराची, पण हवी ती नोकरी धरता येते.

एक सावधगिरी. काम सोडून दहा वर्षं झाली की परतीचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. ओळखी सुटतात, हात गंजतो. म्हणून मी ओळखीच्यांना आधी आठवड्यातून तीन दिवसांवर या असं सुचवतो. अर्धी कमाई चालू राहिली तर पुंजीतून उरलेलाच खर्च काढावा लागतो, आणि लक्ष्यही तेवढंच खाली येतं.

ठरवायला बसण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांचा खर्च लिहून काढा, जोडीदारासह. विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, औषधपाणी, वर्षातून एकदाच येणारी देणी त्यात धरा. बहुतेकांचा तोंडी सांगितलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नाही. माझाही जुळला नव्हता.