बेळगावात राहून आंतरराष्ट्रीय कायदा: हजेरीचं एलएलएम, लंडन की डिप्लोमा?

निपाणी, खानापूर, बेळगावात वकिली किंवा नोकरी सांभाळून हा विषय शिकायचा असेल, तर फी बघण्याआधी एक ठरवा: मिळालेला कागद दाखवायचा कुणाला?

कॉलेजात शिकवायचं असेल तर वर्गात हजर राहून करायचं, म्हणजे हजेरीचंच एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करा. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) लागतात, आणि दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांतून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा वगळला आहे. 'फक्त परीक्षेला या' म्हणणाऱ्याकडे पैसे भरले की गोची लगेच कळत नाही. नेमणुकीआधीच्या कागद-पडताळणीत कळते. राज्य कायदा विद्यापीठ हुबळीला, शिवाजी विद्यापीठ कोल्हापूरला, दोन्ही साधारण शंभर किलोमीटरवर. रोज जाऊन-येऊन कोर्टाच्या तारखा सांभाळणं अवघड. शिवाय स्पेशलायझेशनची यादी प्रवेशाआधीच मागा. संविधान किंवा फौजदारी गट पदरी पडला तर हा विषय एखाद्या पेपरापुरताच उरतो.

ज्ञान हवं आहे, पण गाव सोडायचं नाही, अशांना लंडन विद्यापीठाचं दूरस्थ एलएलएम सोयीचं. १६ मॉड्यूल, मुदत पाच वर्षं. १० पुरी केली की डिप्लोमा, ५ ला सर्टिफिकेट. आधी पाचच घ्या. पटलं तर पुढे चढता येतं, नाही तर हातात निदान सर्टिफिकेट राहतं. परीक्षा मे आणि ऑक्टोबरमध्ये. मेमध्ये कोर्टाला उन्हाळी सुटी, म्हणून वकिलांना ते सत्र जास्त सोयीचं. एका सत्रात दोनपेक्षा जास्त मॉड्यूल घेतली की वाचन साचतं. फी पौंडात, म्हणजे रुपया घसरला की हप्ता वाढतो. या पदवीवर इथे प्राध्यापकी मिळेल असं मात्र धरून चालू नका.

डिप्लोम्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचे (स्थापना १९५९) एक वर्षाचे डिप्लोमे नावाजलेले, वर्ग संध्याकाळचे. पण ती संध्याकाळ भगवानदास रोडवरची. बदली किंवा नोकरीनं दिल्लीत असाल तरच विचार करा. मानवी हक्कांकडे ओढा असेल तर बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा डिप्लोमा बाहेरून करता येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीचे निर्यात करार बघणाऱ्यांनी मानवी हक्क किंवा युद्धकायदा नव्हे, व्यापार आणि लवाद (कोर्टाबाहेर पंचांकडून निवाडा) हेच विषय निवडावेत. भारत मालविक्रीच्या व्हिएन्ना करारात नाही, पण परदेशी लवाद-निवाड्यांच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहे. निर्यातीच्या करारात कुठला कायदा लागू आणि लवाद कुठे, ही दोन कलमं म्हणूनच जपून लिहावी लागतात.

पैसे भरण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीतली फुकट व्याख्यानं महिनाभर ऐका. इंग्रजीतून रोज तासभर डोकं टिकतं का, ते कळेल.

आणि घरचे विचारतीलच: यानं सीमाप्रश्न सुटेल का? तो संविधानाच्या कलम १३१ खालचा (राज्या-राज्यांतल्या वादाचा) दावा, महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यासाठी संविधानाचा गटच घ्यावा लागेल.