लेट नाइट टेल्स - एमजीएमटीवाली सीडी, सात महिन्यांनंतर (आणि ती टिक्)

सात महिने लिहायचं लिहायचं म्हणत राहिलं, पण परवा कार स्टिरिओवाल्याशी वाजलं म्हणून आता लिहितोच. लेट नाइट टेल्स ही सीडींची सिरीज माहीतच असेल, एखाद्या बँडला त्यांच्या आवडीची गाणी निवडायला लावतात आणि शेवटी एक गोष्ट वाचलेली असते. यातली गाणी एमजीएमटी या अमेरिकन बँडने निवडलीत. माझी २०११ ची, मावसभावाने लंडनहून सेकंडहँड आणली, चार पाउंडांत. (पैसे द्यायचेत अजून.)

आधी तक्रार. यात गाणी एकमेकांत मिसळत जातात, सगळी मजा त्यातच आहे. पण माझ्या गाडीत सीडी लागत नाही, म्हणून एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकली तर दर जोडावर टिक्! बायकोला ती ऐकूच येत नाही आणि मला दुसरं काही ऐकू येत नाही. दुकानवाला म्हणे, साहेब स्पीकर गेलेत, साडेचार हजार होतील. अहो, स्पीकर काय फक्त दोन गाण्यांच्या मध्येच जातो का? घरी येऊन शोधलं तर एमपीथ्री म्हणे आवाजाचे ११५२ सॅम्पलचे (म्हणजे आवाजाच्या एकेका क्षणाच्या मोजमापांचे) तुकडे पाडतो, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा, आणि गाणं संपताना शेवटचा तुकडा पुरता भरला नाही की उरलेल्या जागेत शांतता कोंबतो, सुरुवातीलाही थोडी. तीच माझी टिक्. मग अख्खी सीडी एकच सलग फाइल करून टाकली, टिक् बंद, खर्च शून्य.

फक्त आता गाणं पुढे ढकलता येत नाही, गाडी सुरू केली की जिथे थांबलं होतं तिथून निमूट ऐकायचं.

आणि त्यामुळेच मत बदललं. पहिल्या महिन्यात मी चार जणांना सांगत सुटलो होतो की ही नुसती शायनिंग आहे, कुणी न ऐकलेली नावं मुद्दाम गोळा केलीत. शब्द मागे. फेल्ट आणि ड्युरुटी कॉलम या ब्रिटिश बँडांची ती पाण्यासारखी गिटार ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर जी काय लागते! चिल्स हा बँड न्यूझीलंडच्या डनीडिनचा, यातलं त्यांचं गाणं १९८४ चं, ल्युकेमियाने गेलेल्या त्यांच्या ड्रमरला वाहिलेलं, हे कळल्यापासून ते लागलं की मी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. आणि टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज हा ब्रिटिश बँड घेतलाय ते उगाच नाही, आदल्याच वर्षीच्या अल्बममध्ये त्यांच्या गायक डॅन ट्रेसीच्या नावाने या एमजीएमटीच्या पोरांनी एक गाणंच केलं होतं. म्हणजे खरंच जीव आहे यांचा त्यात.

बाउहाउस या ब्रिटिश बँडचं गाणं एमजीएमटीने स्वतः म्हटलंय ते ठीक, मूळचंच बरं.

शेवटची पॉल मॉर्ली या ब्रिटिश संगीत-पत्रकाराची गोष्ट आधी कायम उडवायचो, आता उडवता येत नाही. परवा ती सोसायटीच्या गेटवर सुरू झाली, तर पार्किंगमध्ये गाडीतच बसून संपेपर्यंत ऐकली, वॉचमनला वाटलं भांडून आलोय घरून.

मावसभाऊ डिसेंबरात येतोय, याच सिरीजमधली बेल अँड सेबॅस्टियन बँडवाली मिळाली तर आण म्हटलंय. म्हणाला, आधी मागचे चार पाउंड टाक.