मालवई बोलीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : ऐकायला उत्तम, परीक्षेत घोळ

पंजाबीच्या मालवई बोलीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मालवा म्हटले की आपल्याला इंदूर-उज्जैन आठवते. हा मालवा मात्र सतलजच्या दक्षिणेकडील बठिंडा, मोगा, संगरूर, लुधियाना या भागातला आहे.

अभ्यासक्रमात सर्वांत मोलाच्या आहेत त्या गावातल्या वयस्कर माणसांच्या संवादांच्या ध्वनिफिती. पंजाबी ही सुरांची भाषा आहे हे वाचून ठाऊक होते, पण त्याचा अर्थ तिसऱ्या पाठात कळला. पंजाबीच्या गुरुमुखी लिपीत 'घर' लिहिलेले असते, उच्चारात मात्र 'घ'चा घोष (कंठातला नाद) आणि महाप्राण (ह-सारखा श्वास) दोन्ही लोपतात आणि खालच्या सुरातला 'कर' ऐकू येतो. तोच 'कर' सपाट सुरात म्हटला, तर ती 'करणे' या क्रियापदाची आज्ञा ठरते. त्यातून मालवईत 'थोडा' म्हणजे 'तुमचा'. त्यामुळे 'थोडा घर' हे शब्द मी चार वेळा ऐकले आणि चारही वेळा कोणी तरी काही तरी थोडे करायला सांगत आहे असेच समजलो. गावकरी एकमेकांना 'बाई' म्हणून हाक मारतात, तेव्हाही मी दचकलो. तिथे ती हाक भावाला किंवा मित्राला असते.

व्याकरणाचा भाग नेटका आहे. 'तीवीं' (स्त्री) या शब्दाचे मालवईत 'तीमीं' होते, अशी उदाहरणे भरपूर आहेत. 'ळ'वरचा पाठ मराठी माणसाला सुखावणारा आहे: पंजाबीत हा ध्वनी आहे, गुरुमुखीत तो 'ल'खाली टिंब देऊन दाखवतात, पण छापील मजकुरात ते टिंब बहुधा गळते, आणि शिकणाऱ्याला कानावरच विसंबावे लागते. आपल्याला ते जड जात नाही.

तक्रार आहे ती चाचण्यांबद्दल. आठवडाभर 'थोडा' घोटवून घेतल्यावर चाचणीत मी तेच लिहिले, तर उत्तर चूक ठरले. यंत्रणेला अमृतसर-लाहोरकडच्या 'माझी' नावाच्या बोलीवर बेतलेले प्रमाण 'तुहाडा' हेच रूप हवे होते. मी कळवले, त्यावर ठरावीक साच्याचे आभाराचे पत्र आले आणि गुण तसेच राहिले. शिवाय सुरांची परीक्षा कुठेच घेतलेली नाही, सारे प्रश्न लेखी आहेत. गुरुमुखी वाचता येत असेल, तर केवळ ध्वनिफितींसाठी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. प्रमाणपत्रासाठी घेणार असाल, तर चाचणीत मालवई लिहू नका.