बिडाचा स्लूस व्हॉल्व्ह: संत्र्याच्या बगिच्यात वापरून पाहिल्यावर

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी भागात ज्यांचे अंबिया (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) आणि मृग (जून-जुलैत फुलणारा) असे दोन बहारांचे संत्र्याचे बगीचे एकाच विहिरीवर आहेत, त्यांना डिसेंबरात एकाच मोटारीवर दोन उलट कामे करावी लागतात. मृगाची फळे झाडावर असतात, म्हणून तिकडे पाणी चालू ठेवावे लागते. अंबियाच्या झाडांना मात्र ताण द्यायचा असतो, म्हणजे फूल एकसारखे यावे यासाठी काही काळ तहानलेले ठेवायचे असते, म्हणून तिकडचे पाणी पूर्ण तोडावे लागते. हे तोडण्याचे काम दोन फाट्यांपैकी एकावरचा व्हॉल्व्ह करतो, आणि तो नीट बंद होत नसेल तर ताण बसत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी झिरपले तरी आठ तासांच्या विजेत ४८० लिटर पाणी ताणावरच्या झाडांकडे जाते. त्या ओळींत फूल तुरळक आणि मागेपुढे येते. आमच्या ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी लाइनवर बिनशिक्क्याचा जुना व्हॉल्व्ह असाच झिरपत होता. तो काढून ८० मिलिमीटरचा, आयएस १४८४६ या मानकाचा शिक्का असलेला, पीएन १.० (सुमारे दहा किलो दाब सोसणाऱ्या) दर्जाचा बिडाचा स्लूस व्हॉल्व्ह बसवला. हे परीक्षण त्याचे आहे.

या व्हॉल्व्हच्या पोटात पाचरीच्या आकाराची एक बिडाची झडप असते. चाक फिरवले की आट्यांचा दांडा जागच्या जागी फिरतो, झडपेत बसवलेला नट त्या आट्यांवरून चढतो किंवा उतरतो आणि त्याच्याबरोबर झडप वर-खाली होते. झडपेच्या दोन्ही अंगांना आणि समोर बॉडीतही गनमेटलच्या (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या) कड्या असतात. पाचर खाली दाबली जाते तशा या कड्या एकमेकींवर घट्ट बसतात आणि पाणी थांबते. पूर्ण उघडल्यावर झडप वरच्या टोपीत जाते व पाण्याच्या वाटेत जवळजवळ काहीच उरत नाही. सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा या व्हॉल्व्हमध्ये जाणारा दाब दोन-तीन सेंटीमीटर उंचीच्या पाण्याएवढाच असतो, तर त्याच वेगाला ग्लोब व्हॉल्व्ह सुमारे एक मीटर दाब खातो, कारण त्यात पाण्याला वळण घेऊन तबकडीखालून वर यावे लागते. ग्लोब व्हॉल्व्हने प्रवाह मात्र नीट कमी-जास्त करता येतो, म्हणून कारखान्यांत वाफेच्या नळ्यांवर तो मानाने वापरला जातो. शेताच्या लाइनवर मोटारीचा दाब असा वाया घालवण्याचे कारण नाही.

स्लूस व्हॉल्व्हचा सर्वांत मोठा गैरवापर आपल्याकडे येथेच होतो. दोन्ही बगिच्यांत पाणी सारखे वाटावे म्हणून चाक अर्ध्यावर ठेवले जाते. अर्धवट उतरलेल्या झडपेखालच्या फटीतून पाणी जोराने सुटते, झडप थरथरते, आणि विहिरीच्या पाण्यातली बारीक वाळू गनमेटलच्या कड्यांवर ओरखडे पाडते. आमच्या जुन्या व्हॉल्व्हची टोपी काढली तेव्हा खालच्या बाजूला कडीवर नखात अडकेल एवढी खाच दिसली, आणि बंद स्थितीतही पाणी तेथूनच जात होते. नव्या व्हॉल्व्हवर सालदाराला एकच सूचना दिली आहे की तो एकतर पूर्ण उघडा असेल किंवा पूर्ण बंद. पाणी वाटायचे असेल तर ते पाळीने वाटावे.

काही शेतकरी म्हणतील की प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह स्वस्त आहे, हलका आहे आणि पाव फेऱ्यात बंद होतो. ड्रिपच्या सबमेनवर (मुख्य लाइनीतून निघणाऱ्या उपनळीवर) तो योग्यच आहे आणि आम्हीही तेथे तोच ठेवला आहे. मुख्य लाइनवर मात्र त्याचा हा झटपटपणाच घातक ठरतो. पीव्हीसी पाइपमध्ये दाबाची लाट सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने धावते. त्यामुळे दीड मीटर वेगाचे पाणी एकदम अडवले की सुमारे ६० मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा, जादा दाब उसळतो. चार किलो दाबासाठी बनवलेल्या पाइपाची काय गत होईल हे सांगायला नको. लाइन ६०० मीटर असेल तर ती लाट जाऊन परत यायला तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळाच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर दणका पूर्ण बसतो. स्लूस व्हॉल्व्हचे चाक बरेच फेरे मागते, त्यामुळे घाईतल्या माणसालाही तो एकदम बंद करता येत नाही. मला हा या व्हॉल्व्हचा दुसरा मोठा गुण वाटतो.

वीज अचानक गेल्यावर बसणाऱ्या दणक्यावर मात्र हा व्हॉल्व्ह काहीच करू शकत नाही. चढावरचे पाणी उलटे फिरून पंपाकडे धावते, आणि ते अडवायला पंपाजवळ चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतोच. त्याची झडप पाणी उलटे फिरण्याच्या क्षणीच मिटली पाहिजे. उशिरा मिटली तर ती आपटते. लाइनच्या उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्हही हवा, नाहीतर तेथे साचलेली हवा पाण्याची वाट अडवते.

आता उणिवा. व्हॉल्व्ह जड आहे आणि पीव्हीसी पाइप त्याचे वजन पेलू शकत नाही. खाली विटा-सिमेंटचा छोटा ओटा बांधावाच लागला. चाकाचे ओतकाम खडबडीत होते, कडा कानशीने घासाव्या लागल्या. पहिल्याच हंगामात दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून (दोरी भरून पाणी अडवणाऱ्या खोबणीतून) पाणी झिरपू लागले. ग्लँडचे दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळल्यावर ते थांबले, पण कारखान्यातून भरलेली दोरी पुरेशी नव्हती असे माझे मत आहे. पुढे ग्रॅफाइटची दोरी बदलली, तेव्हा प्रत्येक वेढा तिरपा कापून सांधे वेगवेगळ्या बाजूंना ठेवले, आणि तेव्हापासून दांडा कोरडा आहे.

चाक घट्ट लागले की त्यात पाइप अडकवून जोर लावण्याची सवय येथे सर्वत्र दिसते. असे केल्याने दांडा वाकतो किंवा नटाचे आटे जातात. शेवटी अडकल्यासारखे वाटले तर कडीवर खडा किंवा वाळू असते. चाक दोन फेरे मागे घेऊन पाण्याला ती वाहून नेऊ द्यावी व पुन्हा बंद करावे. आमच्याकडे हा उपाय लागू पडला आहे. पूर्ण उघडल्यावर चाक थोडे मागे आणून ठेवावे, म्हणजे महिनोन्महिने न हलवलेली झडप जाम होत नाही.

ताणाच्या काळात पाहिले तर अंबियाच्या बगिच्याकडचे तोंड कोरडे राहिले आणि त्या बगिच्यात फूल एकसारखे आले. खत आणि हवामानाचाही वाटा त्यात आहे, पण पाणी तुटले नसते तर ताणच बसला नसता. ७५ किंवा ९० मिलिमीटरची मुख्य लाइन असणाऱ्यांनी हाच घ्यावा. पैसे देण्यापूर्वी दुकानातच व्हॉल्व्ह बंद करून उभा धरावा, वरच्या तोंडात पाणी ओतावे आणि खालून थेंब येतो का हे पाहावे; आक्षेप घेणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये. ओतकामातच उठवलेला आकार आणि दाबाचा दर्जा वाचावा, कागदी चिकटपट्टीवर विसंबू नये. लाइन ६३ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर एवढे वजन कशाला, आयएस ७७८ चा शिक्का असलेला पितळी गेट व्हॉल्व्ह तेथे पुरतो.