स्वतःचा सुपरहिरो कुठे उभा करायचा?

डोक्यात एखादा सुपरहिरो घोळत असेल आणि तो ऑनलाइन खेळात जगवायचा असेल, तर आज माझ्या मते तीन खेळ विचारात घ्यावेत: सिटी ऑफ हिरोज, चॅम्पियन्स ऑनलाइन आणि डीसी युनिव्हर्स ऑनलाइन. तिन्ही फुकट सुरू करता येतात, त्यामुळे तिन्हीकडे एकेक पात्र काढून बघायचा मोह होतो. पण पात्र वाढवण्यात, त्याची ओळख जमवण्यात वेळ जातो. आधी ठरवलेलं बरं.

तुलनेसाठी तिन्हीकडे एकच पात्र लावून बघू. सह्याद्रीच्या कातळातून ताकद मिळालेली एक बाई. हातात वाघनखं, पाय आपटला की जमीन हादरते. उडत नाही, लांब उड्या मारते.

सिटी ऑफ हिरोजमध्ये आधी पात्राचा मूळ प्रकार निवडायचा, मग शक्तींचे दोन संच: एक मुख्य, एक दुय्यम. आपल्या बाईसाठी ‘ब्रूट’ हा प्रकार घेतला तर मुख्य संच वाघनखांचा आणि दुय्यम दगडी चिलखताचा, असा जोड छान जमतो. अडतं ते जमीन हादरवण्यापाशी. तो फटका ‘स्टोन मेली’ (दगडी हाणामारी) या संचात आहे आणि तोही मुख्य संचच, म्हणजे वाघनखं किंवा हादरा, दोन्हींतलं एकच. निवडलेले संच नंतर बदलता येत नाहीत, हे पहिल्याच पडद्यावर नीट ध्यानात घ्या. उड्यांची सोय मात्र झकास आहे, आणि पोशाखाच्या बाबतीत वीस वर्षं जुन्या खेळाने आजही मान खाली घालावी असं काही नाही. चित्रं जुनाट दिसतात, हे खरं.

चॅम्पियन्समध्ये ‘फ्रीफॉर्म’ पात्र घेतलं की संचांच्या भिंतीच नाहीत. एक शक्ती वाघनखांतली, पुढची भूमीची, तिसरी आणखी कुठली. रंग बदलता येतात, काही शक्ती हातातून निघाव्यात की डोळ्यांतून हेही ठरवता येतं. प्रवासासाठी उडी आहेच, शिवाय जमिनीखालून बोगदा करत जायची सोयही आहे. कातळाच्या लेकीला याहून काय हवं? पण फुकट खात्यावर ठरावीक साच्यांतलंच पात्र मिळतं. फ्रीफॉर्मला पैसे पडतात, आणि एका पात्रासाठी ते कमी नाहीत. म्हणून म्हणतो, फुकट चॅम्पियन्स आणि पैसे भरलेलं चॅम्पियन्स हे जवळजवळ दोन वेगळे खेळ समजा.

डीसीमध्ये भूमीची शक्ती आहे आणि तिच्यासोबत दगडी राक्षसही हाताशी येतो. शस्त्रांच्या यादीत मात्र वाघनखं नाहीत. मुठी घ्या, नाहीतर दोन्ही हातांत शस्त्रं घ्या आणि मनात वाघनखं समजा. लांब उडीऐवजी भिंतीवर चढणं आणि हवेत तरंगत उतरणं मिळतं. पोशाखाचे बरेचसे तुकडे खेळता खेळता गोळा करावे लागतात, त्यामुळे मनातलं रूप पहिल्या दिवशी क्वचितच अंगावर चढतं.

इथवर वाचून चॅम्पियन्सचं पारडं जड वाटेल. शक्तींपुरतं ते आहेच. पण पात्र ‘खेळणं’ म्हणजे नुसत्या शक्ती जुळवणं नव्हे. ते बोलायला लागलं पाहिजे, त्याला वैरी हवेत, ओळखीपाळखी हव्यात.

गोष्टीत तुमच्यासाठी किती जागा मोकळी आहे, यात तिघांत मोठा फरक पडतो. डीसीत पात्राला शक्ती कशी मिळाली हे आधीच ठरलेलं आहे: भविष्यातून आलेला लेक्स लूथर, म्हणजे सुपरमॅनचा हाडवैरी, ‘एक्सोबाइट’ नावाची सूक्ष्म यंत्रं सोडतो आणि हजारो माणसांना शक्ती मिळतात. आपल्या बाईचा सह्याद्री तिथेच संपला. मार्गदर्शक म्हणून सुपरमॅन, बॅटमॅन किंवा वंडर वुमन निवडायचे (खलनायक असाल तर लेक्स, जोकर किंवा सर्सी) आणि त्यांच्या भानगडी निस्तरायच्या. दुसऱ्याच्या लग्नात नटूनथटून गेलेल्या वऱ्हाड्यासारखं होतं. मजा येते, पण नवरदेव तुम्ही नसता. ज्याला गॉथममध्ये बॅटमॅनच्या शेजारी उभं राहायचंय, त्याला हेच हवं असतं. शिवाय तिथली लढाई चपळ, सतत बटणं दाबायची आहे. मधेच थांबून संवाद टाइप करायला बोटं मोकळी राहत नाहीत.

चॅम्पियन्सचा हुकमी एक्का म्हणजे ‘नेमेसिस’. ठरावीक पातळी गाठली की तुमचा हाडवैरी तुम्हीच घडवायचा: नाव, पोशाख, शक्ती, स्वभाव, हाताखालची माणसं. मग तीच माणसं अचानक वाटेत अडवतात. शेवटी वैऱ्याला तुरुंगात टाकून नवा वैरी उभा करता येतो. एवढी चांगली कल्पना बाकी दोघांकडे नाही. गप्पा मारत पात्र रंगवणारे खेळातल्या मिलेनियम सिटी या शहरातल्या क्लब कॅप्रिसमध्ये जमतात. अडचण गर्दीची आहे. तिथून बाहेर पडलात की शहर बरंच ओस वाटतं.

सिटी ऑफ हिरोजमध्ये नेमेसिससारखी सोय नाही, पण ‘मिशन आर्किटेक्ट’ आहे. २००९ साली आलेल्या या सोयीत स्वतःची मोहीम लिहिता येते, खलनायक घडवता येतात, त्यांच्या तोंडी संवाद घालता येतात आणि इतरांना ती खेळायला देता येते. मेहनत जास्त, पण गोष्ट पूर्ण तुमची. आणि लोक आहेत. हा खेळ २००४ मध्ये आला, २०१२ मध्ये बंद पडला, २०१९ मध्ये चाहत्यांच्या सर्व्हरवर परतला; त्यातल्या ‘होमकमिंग’ला जानेवारी २०२४ मध्ये खेळाची मालक कंपनी एनसीसॉफ्टने अधिकृत परवाना दिला. तो देणग्यांवर चालतो, विकत घ्यायचं काही नाही. पात्र रंगवणारे होमकमिंगच्याच ‘एव्हरलास्टिंग’ या सर्व्हरवर जमतात.

एक सूचना: वाघनखं घेऊन वुल्व्हरिनसारखा पिवळा-निळा पोशाख चढवू नका. खेळाडू हल्क, वुल्व्हरिनच्या नकला बनवतात म्हणून या पात्रांची मालक कंपनी मार्व्हलने २००४ मध्ये सिटी ऑफ हिरोजवाल्यांवर दावा ठोकला होता. (पुराव्यादाखल दिलेल्या काही नकला मार्व्हलच्याच माणसांनी बनवल्याचं निघालं, ही त्यातली गंमत. पुढच्या वर्षी तडजोड झाली.) नक्कल दिसली तर आजही नाव-पोशाख काढून घेतला जातो.

तर माझं मत: बहुतेकांनी सिटी ऑफ हिरोजपासून सुरुवात करावी. डोक्यातली शक्तींची जोडी तिथे बसतच नसेल आणि पैसे घालायची तयारी असेल, तर चॅम्पियन्स. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवरच खेळत असाल तर प्रश्नच मिटला, डीसी घ्या. एव्हरलास्टिंगवर गर्दी असते अमेरिकेतल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहानंतर. लवकर उठवत नसेल तर होमकमिंगच्याच युरोपातल्या ‘रियुनियन’ सर्व्हरवर पात्र काढा; तिथली मैफल आपल्या रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास भरते.