पाचर की स्क्रू? घरी मार्किंग गेज करताना
मार्किंग गेज म्हणजे लाकडाच्या कडेला समांतर रेघ मारायचे हत्यार: दांडीवर ठोकळा सरकतो आणि तो मापावर पाचरीने किंवा स्क्रूने घट्ट करतात. ठाण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते करणार असाल, तर पाचरवालाच करा. जुन्या चौकटीचा सागवान, पटाशी आणि बारीक दातांची करवत असली की पुरते. पाचरीचा उतार मात्र जपून काढा, साधारण १:८. जास्त तिरकी पाचर निसटते, फारच सरळ असली तर अडकून बसते. पाचरीची खाच ठोकळ्यातल्या दांडीच्या भोकात किंचित शिरलेली हवी, नाहीतर दांडीवर दाबच येत नाही. खरी कारागिरी आहे ती इथे.

स्क्रूवाला दिसायला सुबक. पण त्याला आटे पाडायचा टॅप किंवा पितळी नट लागतो. शिवाय स्क्रूचे टोक थेट दांडीवर टेकले की खळगा पडतो आणि पुढच्या वेळी ठोकळा माप सोडून त्याच खळग्याकडे सरकतो. मध्ये पितळेची चकती हवीच.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते. एप्रिलमध्ये घट्ट बसलेली दांडी जुलैत हलत नाही, म्हणून ती थोडी सैलच ठेवा. ही सैल जागा पाचर छान भरून काढते, कारण ती लांबीभर दाबते. स्क्रू एकाच ठिकाणी दाबतो.

रेघ मारायला दोन्हींत खिळ्याऐवजी छोटे पाते लावा. आडव्या तंतूंवर खिळा ओरखडे काढतो, पाते स्वच्छ कापते.