कृषी पदवी: शासकीय की खासगी महाविद्यालय?

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांशी संलग्न खासगी महाविद्यालयांत बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीचा तोच 4 वर्षांचा, 8 सत्रांचा अभ्यासक्रम शिकवला जातो आणि पदवीही विद्यापीठाचीच मिळते. शुल्क मात्र शासकीय महाविद्यालयाच्या कितीतरी पट असते. विद्यापीठाच्या आवारातील संशोधन प्रक्षेत्रे, बीजोत्पादन आणि पैदासकारांचा, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचा, रोजचा सहवास ही शासकीय शिक्षणाची खरी मिळकत आहे, आणि माझ्या मते तिथे प्रवेश मिळत असल्यास दुसरा विचारच करू नये. खासगी महाविद्यालय निवडावेच लागले, तर इमारत नव्हे, स्वतःची बागायती जमीन, प्रयोगशाळा व पूर्णवेळ प्राध्यापक आधी पाहावेत, कारण अंतिम वर्षाच्या ग्रामीण कार्यानुभवात, म्हणजे गावात शेतकऱ्यांसोबत काम करण्याच्या सत्रात, शेतकऱ्यासमोर उभे राहण्याची तयारी तिथेच होते.